मुलांचा विकास : थांबायचं की विचारायचं?



"सव्वा दोन वर्षांचा झाला, अजून नीट बोलत नाही. थांबावं की कुणाला दाखवावं?"

दुबई असो, शारजा असो की अबू धाबी, चार मराठी कुटुंबं एकत्र जमली की हा प्रश्न कुणीतरी हळू आवाजात विचारतंच. उत्तरंही तयार असतात. "मुलगे उशिराच बोलतात." "याचे बाबासुद्धा तीन वर्षांचे होईपर्यंत गप्प होते." "शाळेत घाला, आपोआप तोंड उघडेल." ही उत्तरं प्रेमाने दिलेली असतात, आणि अनेकदा ती खरीही ठरतात. उशिरा बोलणारी कितीतरी मुलं पुढे इतरांच्या बरोबरीला येतात.

अडचण अशी, की आपलं मूल त्यांतलंच आहे का, हे दुसऱ्या वर्षी घरात बसून कुणालाच सांगता येत नाही. आजीला नाही, शेजारणीला नाही आणि इंटरनेटलाही नाही. तपासून घेतलं आणि सगळं ठीक निघालं, तर आपली एक दुपार गेली. तपासलं नाही आणि मदतीची गरज होती असं नंतर कळलं, तर वर्ष गेलं. दोन वर्षांच्या मुलाचं एक वर्ष म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याचा निम्मा भाग. हा हिशेब मनात ठेवून आजचा कार्यक्रम ऐका.

लवकर मदत का, हे थोडक्यात सांगते. जन्मतः बाळाचा मेंदू प्रौढ माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव आकाराचा असतो. पहिल्या वर्षात तो जवळजवळ दुप्पट होतो आणि तिसऱ्या वर्षापर्यंत सुमारे ऐंशी टक्क्यांवर पोचतो. याच काळात मेंदूतल्या जोडण्या झपाट्याने तयार होतात. ज्या वापरात येतात त्या पक्क्या होतात, ज्या येत नाहीत त्या गळतात. पुढेही माणूस शिकतोच, पाचव्या वर्षी दार बंद होत नाही. पण ओल्या मातीला आकार देणं सोपं असतं, हे कुंभाराला वेगळं सांगावं लागत नाही.

आता पाहायचं काय? अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, 2022 मध्ये विकासाच्या टप्प्यांची यादी सुधारली. त्या त्या वयापर्यंत चारांपैकी किमान तीन मुलांना जे जमतं, तेच त्यांनी यादीत ठेवलं. म्हणून एखादी गोष्ट जमत नसेल तर "अजून वेळ आहे" म्हणण्यापेक्षा विचारलेलं बरं. काही ठळक टप्पे सांगते, वहीत लिहून घ्या.

दोन महिन्यांचं बाळ तुम्ही बोललात किंवा हसलात की हसतं. नऊ महिन्यांचं बाळ आधाराशिवाय बसतं आणि नावाने हाक मारली की बघतं. एक वर्षाचं मूल अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत बारीक वस्तू उचलतं, म्हणजे ताटातला चुरमुरा. सव्वा वर्षाचं मूल स्वतःहून काही पावलं टाकतं. दीड वर्षाचं मूल काही न धरता चालतं, आई-बाबा सोडून आणखी तीन तरी शब्द म्हणायचा प्रयत्न करतं, आणि आपल्याला काही दाखवायचं असेल तर बोट करतं. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडतं, "अजून दूध", "बाबा गेले" असं, आणि चमच्याने खातं. सांडतं, पण खातं.

बोट करण्याबद्दल थोडं थांबून बोलते, कारण आपण त्याकडे सहज दुर्लक्ष करतो. मूल बिस्किटाच्या डब्याकडे बोट दाखवतं, ती मागणी झाली. बाल्कनीतून विमान दिसलं, त्याने बोट केलं आणि मग वळून तुमच्या तोंडाकडे पाहिलं, "तूही बघ ना" म्हणून, हे त्याहून मोठं पाऊल आहे. आपल्याला वाटलेलं दुसऱ्याशी वाटून घ्यायचं असतं, हे त्याला समजलंय. भाषा याच पायावर उभी राहते. मूल शब्द बोलत असेल, गाणी पाठ म्हणत असेल, इंग्रजी अक्षरं ओळखत असेल, पण असं काही दाखवायला कधीच येत नसेल, तर अक्षरांच्या कौतुकात हे निसटू देऊ नका.

बाळ दिवसांआधी जन्मलं असेल तर दोन वर्षांपर्यंत वय दुरुस्त करून मोजतात. दोन महिने आधी आलेलं बाळ दहा महिन्यांचं झालं, की त्याच्याकडून अपेक्षा आठ महिन्यांच्या बाळाची ठेवायची.

काही गोष्टींसाठी मात्र एक आठवडाही थांबू नये. आधी येत असलेलं बोलणं, हसणं किंवा चालणं बंद झालं, तर वय काहीही असो, लगेच डॉक्टरांकडे जा. वर्षाच्या आतलं बाळ प्रत्येक वस्तू एकाच हाताने घेत असेल आणि दुसरा हात मुठीतच राहत असेल, तर "डावखुरा होणार" म्हणून कौतुक करू नका, दाखवा. आणि बोलायला उशीर होत असेल तर सर्वांत आधी कान तपासा. जन्माच्या वेळची चाचणी ठीक होती म्हणून आजही ऐकू येतं, असं नसतं. सतत सर्दी होणाऱ्या मुलांच्या मधल्या कानात पाणी साचतं आणि त्यांना सगळं जणू पाण्याखालून ऐकल्यासारखं ऐकू येतं.

आता ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे काय? मराठीत हिला व्यवसायोपचार म्हणतात. ते ऐकून बरेच पालक विचारतात, दोन वर्षांच्या पोराला कसला आलाय व्यवसाय? पण ज्यात दिवस जातो ते माणसाचं काम, असा इथे अर्थ आहे. मुलाचं काम म्हणजे खेळणं, जेवणं, कपडे घालणं, आंघोळ करणं, झोपणं आणि पुढे शाळेत बसून लिहिणं. ही कामं कुठे अडतात ते शोधायचं आणि वाट मोकळी करायची, हे या उपचारांचं सूत्र. ढोबळ मानाने, फिजिओथेरपिस्ट बसणं, चालणं, तोल सांभाळणं या शरीराच्या मोठ्या हालचालींवर काम करतात, स्पीच थेरपिस्ट बोलणं, समजणं आणि गिळणं यांवर, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट मुलाच्या रोजच्या कामांवर. प्रत्यक्षात तिघांच्या हद्दी एकमेकींत मिसळतात.

ही विद्या आपल्याकडे कशी आली, हेही ऐकण्यासारखं आहे. एलिझाबेथ लंडी नावाची एक अमेरिकन तरुणी विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून भारतात आली आणि कमला निंबकर झाली. त्यांनी अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचं शिक्षण घेतलं आणि 1950 मध्ये मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात भारतातली या विषयाची पहिली शाळा सुरू केली. 1952 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला, आणि त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. फलटणला त्यांच्या नावाने कमला निंबकर बालभवन ही शाळा आहे. म्हणजे ज्या विषयाला आपण "हे परदेशातलं नवं फॅड" म्हणतो, तो मराठी मुलखात पंचाहत्तर वर्षं मुरलेला आहे.

थेरपिस्टकडे गेल्यावर काय होतं? पहिल्या भेटीत बहुतेक वेळ प्रश्न आणि निरीक्षण यांतच जातो. मूल जिना कसा चढतं, खडू कसा धरतं, चिखल, वाळू, भात हाताला लागला तर काय करतं, मिक्सरच्या आवाजाने कान झाकतं का, एका खेळावर किती वेळ टिकतं. मग पुढच्या दोन-तीन महिन्यांसाठी ध्येयं ठरतात. ही ध्येयं तुमच्या घरातल्या भाषेत असली पाहिजेत. "संवेदी समन्वय सुधारणे" असं कागदावर असेल तर विचारा, म्हणजे माझं मूल काय करायला लागेल? "स्वतःच्या हाताने वाटीभर वरणभात खाईल", "केस कापताना रडणार नाही", "बूट स्वतः घालेल", असं उत्तर मिळालं की सुधारणा झाली की नाही, हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळं खेळच वाटतं. झोका, बोगदा, मणी, कणीक. "एवढे पैसे देऊन नुसता खेळ?" असं वडिलांनी विचारलं तर त्यांचं चुकत नाही. त्या खेळात काय चाललंय हे समजावून सांगणं हे थेरपिस्टचं काम आहे. पालकांना दाराबाहेर बसवून ठेवत असतील, घरी काय करायचं ते सांगत नसतील, किंवा "सहा महिन्यांत पूर्ण बरं करून देतो" असं वचन देत असतील, तर दुसरीकडे चौकशी करा. आठवड्याचा एक तास थेरपिस्टचा, मुलाच्या जागेपणाचे उरलेले ऐंशी-नव्वद तास तुमचे. खरं काम त्या तासांत होतं.

म्हणून आता घराकडे वळू. इथलं आपलं आयुष्य कसं आहे? एका बेडरूमचा फ्लॅट, लिफ्ट, गाडी, मॉल. मे ते सप्टेंबर बाहेर पाय ठेवायची सोय नाही. अंगण नाही, माती नाही. आई-बाबा दोघं कामावर, घरात मदतनीस. ती प्रेमळ असते, पण मूल रडू नये ही तिला आपली जबाबदारी वाटते, म्हणून ती भरवते, उचलते, बूट घालते. तीन वर्षांच्या मुलाला काहीच स्वतः करावं लागत नाही, आणि मग शाळेतून निरोप येतो की हाताला बळ नाही, बाटलीचं झाकण उघडता येत नाही. अशा वेळी हे संधीच्या अभावामुळे आहे की विकासातल्या अडचणीमुळे, ते आधी पाहावं लागतं. दोन महिने संधी देऊन पाहिली की बरंच उलगडतं. मात्र मघाचे टप्पे मागे पडले असतील, तर संधी देता देता तपासणीही करून घ्या. एकासाठी दुसरं थांबवू नका.

यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत, आपलं स्वयंपाकघर पुरेसं आहे. पोळ्या करताना कणकेचा गोळा मुलाच्या हातात द्या, मळू दे, चिमटे काढू दे, त्याने तळव्याला आणि बोटांना बळ येतं. मटार सोलायला बसवा, चिमूट आणि दोन्ही हातांचा मेळ साधतो. हाताने जेवू द्या. वरणभात कालवून घास करणं हा बोटांसाठी उत्तम व्यायाम आहे, तो "मॅनर्स"च्या नावाखाली बंद करू नका. सांडण्याची भीती असेल तर जमिनीवर जुनी चादर पसरा. आंघोळीत मग्गा द्या, पाणी ओतू दे. गणपतीत उकड हाताळू दे, मोदकाला कळ्या नाही पडल्या तरी बाप्पा रागावत नाही. घरात उशा रचून डोंगर करा, लंगडी घाला, फुगडी घाला. हिवाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, सोन्यासारखे महिने आहेत. ममझारच्या किनाऱ्यावर किंवा घराजवळच्या बागेत अनवाणी वाळूत चालू द्या.

चाकांच्या खुर्चीसारख्या वॉकरबद्दल एक सांगायलाच हवं. मूल त्यात बसून पायांच्या बोटांनी जमीन ढकलतं, तोल सांभाळायला शिकत नाही, आणि पडून डोक्याला मार लागण्याचा धोका वेगळा. कॅनडाने 2004 मध्ये अशा वॉकरवर बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा होता. त्यात मूल उभं राहून, स्वतःचं वजन पेलत पुढे ढकलायचं.

आणि मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की पहिल्या वर्षी पडदा अजिबात नको, दुसऱ्या वर्षीही नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाच्या आत, जितका कमी तितका चांगला. गावाकडच्या आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलणं वेगळं, त्यात समोरून उत्तर येतं. जेवताना समोर लावलेलं गाणं उत्तर देत नाही, आणि मूल काय खातंय हेही त्याला कळत नाही.

आता या कार्यक्रमाच्या श्रोत्यांसाठी फार महत्त्वाचा विषय. बोलायला उशीर झाला की पालकांना हमखास एक सल्ला मिळतो, "घरात एकच भाषा ठेवा, इंग्रजी. मराठी बंद करा." शाळेत इंग्रजी, मदतनिसाची वेगळी भाषा, शेजारी हिंदी, कानावर अरबी, मग मूल गोंधळणार नाही का? यावर बरंच संशोधन झालं आहे. दोन भाषांमुळे बोलण्यात विकार येत नाही, आणि एक भाषा काढून घेतल्याने तो बराही होत नाही. स्वमग्न मुलांच्या बाबतीतही हेच दिसतं. दोन भाषांतल्या मुलाचे शब्द मोजायचे तर दोन्हींचे मिळून मोजायचे. "पाणी" आणि "बॉल" हे दोन शब्द झाले. तपासणीला गेलात की घरात मराठी बोलतो हे स्पष्ट सांगा, आणि मुलाचे मराठी शब्द लिहून न्या, नाहीतर ते हिशेबातच येत नाहीत.

आई ज्या भाषेत रागावते, लाड करते, गोष्ट सांगते, त्या भाषेत तिचं बोलणं सहज आणि भरपूर असतं. जमवून आणलेल्या इंग्रजीत ती "कम, सिट, ईट" एवढंच बोलते, आणि मुलाला मिळणारी भाषा वाढायच्या ऐवजी आटते. शिवाय मराठी गेली की आजी-आजोबा गेले. ज्या मुलाला माणसांशी नातं जोडणंच अवघड जातंय, त्याची माणसं आपण कमी करायची का?

आता इथे मदत मिळवायची कशी? सुरुवात बालरोगतज्ज्ञांपासून करा. लसीच्या भेटीत घाई असते, म्हणून विकासाबद्दल बोलायला वेगळी वेळ मागा. नऊ, अठरा आणि तीस महिन्यांना विकासाची चाचणी आणि अठरा व चोवीस महिन्यांना स्वमग्नतेसाठी प्रश्नावली, अशी शिफारस अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने केली आहे. तीच तुमच्या डॉक्टरांकडे मागायला हरकत नाही. जाताना घरातले दोन-तीन छोटे व्हिडिओ न्या, जेवतानाचा, खेळतानाचा, हाक मारल्यावरचा. दवाखान्यात मूल एकतर गप्प बसतं किंवा रडतं, खरं मूल घरीच दिसतं.

थेरपिस्ट निवडताना परवाना पाहा. दुबईत दुबई हेल्थ अथॉरिटीचा, अबू धाबीत तिथल्या आरोग्य विभागाचा, इतर अमिरातींत आरोग्य मंत्रालयाचा. विम्याची पॉलिसी नीट वाचा, कारण विकासाशी संबंधित उपचार अनेक पॉलिसींत वगळलेले असतात. खर्च झेपत नसेल तर थेरपिस्टला सरळ सांगा, आठवड्याला तीन भेटी परवडत नाहीत, दोन आठवड्यांनी एक भेट आणि घरी करायचा लेखी कार्यक्रम मिळेल का? चांगला थेरपिस्ट याला नाही म्हणत नाही. शारजा सिटी फॉर ह्युमॅनिटेरियन सर्व्हिसेस 1979 पासून आणि दुबईचं अल नूर केंद्र 1981 पासून मुलांसाठी काम करतं आहे, अशा संस्थांकडेही चौकशी करा.

शाळेची भीती बऱ्याच पालकांना गप्प बसवते. "नाव लागलं तर प्रवेश मिळणार नाही." 2006 चा संघीय कायदा क्रमांक 29 सांगतो की विशेष गरजा हे प्रवेश नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. दुबईच्या शाळांसाठी 2017 मध्ये सर्वसमावेशक शिक्षणाची धोरणचौकटही आली. व्यवहारात अडचणी येतात, हे खरं आहे. पण लपवलेली अडचण शाळेत आठवड्याभरात कळतेच, आणि मग मूल "व्रात्य" ठरतं. अहवाल हातात असला तर ते मदतीला पात्र ठरतं. दुबईत राहणाऱ्यांसाठी "सनद" नावाचं कार्डही आहे. शब्द आपल्या ओळखीचा आहे, नाही का? आणखी एक ओळखीचा शब्द सांगते. 2017 पासून या देशाने अपंग व्यक्तींना "अस्हाब अल हिमम" म्हणायचं ठरवलं. आपली "हिंमत" त्याच अरबी मुळातून आली आहे. हिमतीची माणसं.

शेवटचा प्रश्न, जो रात्री नवरा-बायकोत बोलला जातो. मुलाला घेऊन आईने पुण्याला, नागपूरला, कोल्हापूरला परत जावं का? तिथे खर्च कमी, भाषा आपली, आजी-आजोबा हाताशी. सरकारी मदतही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला, सुरू झाला आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी त्यात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. दुसऱ्या बाजूला बाबा मुलाच्या रोजच्या आयुष्यातून जातात आणि आई एकटी पडते. याचं एक उत्तर नाही. माझं एवढंच सांगणं, की निर्णय घाबरून घेऊ नका. आधी इथे तपासणी करून घ्या, दोन-तीन महिने काम करून पाहा, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलात की तिथल्या थेरपिस्टना तोच अहवाल दाखवा, आणि मग दोघांनी मिळून ठरवा. जायचं ठरलं तर किती काळासाठी, हेही तेव्हाच ठरवा.

आणि आयांनो, एक ऐका. गरोदरपणी काय खाल्लं, कामावर लवकर गेले का, टीव्ही लावला का, हे शोधत बसू नका. विकासातल्या बहुतेक अडचणींना असं एखादं कारण नसतं, आणि असलं तरी आज मुलाला तुमच्या पश्चात्तापाचा उपयोग नाही. त्याला उपयोग आहे तुमच्याबरोबर जमिनीवर बसून घालवलेल्या अर्ध्या तासाचा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

या आठवड्यात एवढं करा. एक वही घ्या, तारीख घाला, मूल काय करतं आणि काय करत नाही ते लिहा. एका जेवणात त्याला स्वतःच्या हाताने खाऊ द्या. मनात शंका असेल तर डॉक्टरांची वेळ घ्या, सासूबाईंच्या, मैत्रिणीच्या किंवा माझ्याही "होईल हळूहळू"वर विसंबून राहू नका. आणि तुमच्या ओळखीत कुणी हा प्रश्न हळू आवाजात विचारला, तर "काही नाही गं" म्हणून विषय बदलू नका. "चल, मी येते तुझ्याबरोबर" म्हणा.